आमची वाटचाल : हीट सिंकचा धंदा, भोसरी

१९९८ साली भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये एक जुने मिलिंग मशीन, एक टॅपिंग मशीन आणि एक कटिंग सॉ एवढ्या सामग्रीवर आम्ही काम सुरू केले. हीट सिंक म्हणजे इलेक्ट्रॉनिक भागांची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा तुकडा. त्या वेळी त्याला बाजारात ‘ॲल्युमिनियमची पट्टी’ म्हणत आणि तिचा दर किलोवर ठरे. सुरुवातीची बरीच वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या ड्रॉइंगबरहुकूम एक्स्ट्रुजन (साच्यातून दाबून काढलेली ॲल्युमिनियमची लांब पट्टी) कापून, भोके पाडून, बर म्हणजे कडेचा धारदार कीस काढून, काळे ॲनोडायझिंग (पृष्ठभागावर ऑक्साइडचा टिकाऊ थर) करून माल पोहोचवत होतो. स्वतः डिझाइन करण्याची पाळी आली ती नागपूरच्या एका ग्राहकामुळे, आणि आजवरच्या वाटचालीत ज्यांचे ऋण मानावे असे ग्राहक तेच आहेत.

त्यांना आम्ही काका म्हणतो. भजनी मंडळांसाठी आणि गणेशोत्सवाच्या मंडपांसाठी ते अँप्लिफायर बनवत. त्यांची तक्रार अशी होती की कारखान्यात पूर्ण आवाजावर तासभर चालवून पास केलेला अँप मंडपात मात्र जळतो. आम्ही आउटपुटच्या ३०५५ ट्रान्झिस्टरच्या अंगाला के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवले आणि आवाज हळूहळू खाली आणत गेलो. आवाज उतरत होता आणि मीटरवरचे तापमान चढत होते. एबी क्लासच्या, म्हणजे काकांच्या अँपसारख्या नेहमीच्या रचनेच्या, अँपमध्ये ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण पॉवरच्या साधारण ४० टक्क्यांवर, हे पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते. पण टेस्टिंगला बसलेला माणूस नॉब शेवटपर्यंत फिरवूनच निर्धास्त होतो. त्यानंतर ट्रान्झिस्टर उघडला, तर ट्रान्झिस्टर आणि हीट सिंक यांच्यामध्ये विजेला अडवणाऱ्या अभ्रकाच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना उष्णतावाहक पेस्टचा जाड थर थापलेला. साध्या पांढऱ्या पेस्टची उष्णतावाहकता मीटर-केल्विनमागे जेमतेम १ वॉट, ॲल्युमिनियमची २०० च्या आसपास. तेव्हा पेस्ट ही धातूमधल्या बारीक खाचा भरण्यापुरतीच असावी. ब्लेडने थर निपटून, हीट सिंकची बैठक मिलिंगवर पुन्हा सपाट करून, स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने आवळल्यावर तापमान इतके उतरले की काकांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या मॉडेलांची ड्रॉइंगे आमच्याकडे पाठवली.

आता ज्या प्रकरणाबद्दल बोलणे आम्ही इतकी वर्षे टाळले, ते लिहितो. केबल टीव्ही डिजिटल करण्याच्या सक्तीचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१२ अखेर झाला आणि ३१ मार्च २०१३ ही दुसऱ्या टप्प्याची मुदत होती, ज्यात पुणे व नागपूरही होते. सेट-टॉप बॉक्सला एकाएकी मागणी आली. एका कंपनीने मुख्य चिपच्या हीट सिंकचे डिझाइन करायला आम्हाला सांगितले. आम्ही आधी ओळखीच्या घरांत जाऊन बॉक्स कुठे ठेवतात ते पाहिले. बहुतेक ठिकाणी तो शोकेसच्या बंद खणात होता, आणि धूळ बसू नये म्हणून झाकणावरच्या झरोक्यांवर क्रोशाचा रुमाल घातलेला होता. मे महिन्यात विदर्भात खोलीची हवा ४५ अंश, बॉक्समधली हवा त्याहून १५ अंश वर, आणि ४ वॉट सोडणाऱ्या चिपवर दर वॉटमागे १० अंश तापणारा हीट सिंक, म्हणजे बैठकच १०० अंशांवर. चिपच्या आतली मर्यादा १२५ धरली, तर रुमालासाठी फारशी सवड उरत नाही.

म्हणून आम्ही फिनमधले, म्हणजे हीट सिंकच्या पात्यांमधले, अंतर पाच-सहा मिलिमीटर ठेवले, एक्स्ट्रुजनला आडवे काप देऊन हवेला चारही बाजूंनी वाट दिली आणि चिपवर बसवण्यासाठी स्प्रिंगची क्लिप दिली. बॉक्सच्या एका बाजूला काच लावून आत अगरबत्तीचा धूर सोडला, की हवा कुठे अडते ते उघड दिसे. महागड्या सॉफ्टवेअरवाल्यांनी या पद्धतीला हसावे. आमचे आकडे थर्मोकपलशी जुळत होते.

सँपल पास झाले. पर्चेस खात्याच्या तोंडी शब्दावर आम्ही डाय, म्हणजे एक्स्ट्रुजनचा साचा, करवून घेतली आणि एक्स्ट्रुजनचा लॉट भरून ठेवला. त्यानंतर तेच सँपल आणि तेच ड्रॉइंग एका प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर पोहोचले. त्याने तो भाग डायकास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून ओतून, काढला. धातू वेगळा होता याबद्दल आमचा आक्षेप नाही, कारण एवढ्या लहान तुकड्यात ओतीव मिश्रधातूची कमी वाहकता चालून जाते, हे आम्हीही मान्य करतो. पण जास्त फिन म्हणजे जास्त थंडावा अशा समजुतीने त्याने फिन दोन मिलिमीटरवर आणले, जिथे पंख्याशिवाय हवा जागची हलत नाही, आणि क्लिपचे पैसे वाचवून दुहेरी टेपने तो चिकटवला. दर आमच्याहून कमी होता, ऑर्डर तिकडे गेली. ड्रॉइंग बाहेर कसे गेले, याचे उत्तर आम्हाला आजतागायत मिळालेले नाही.

त्या पावसाळ्यात बँकेची पत्रे येऊ लागली, कामगारांचा पगार दोन हप्त्यांत द्यावा लागला आणि मिलिंग मशीन विकण्याची बोलणीही झाली. काकांना हे कोणी सांगितले ठाऊक नाही. ते रात्रीच्या बसने आले, शेडमध्ये पडून असलेला लॉट हाताने चाचपून पाहिला आणि वर्षभराच्या मालाचा चेक टेबलावर ठेवून म्हणाले, “दर मागचाच लावा. आणि ही डाय मोडीत काढू नका.” मशीन राहिले.

२०१५ पासूनची वर्षे बरी गेली. त्याबद्दल सांगण्यासारखे विशेष काही नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांनी पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) हातात पडेपर्यंत ड्रॉइंग देऊ नये. सँपल द्यावे, बाह्य मापे द्यावीत, फिनचा तपशील आपल्यापाशी ठेवावा. ग्राहक पंखा लावू म्हणाला, तर त्याला दोन वर्षे वापरलेला पंखा उघडून दाखवावा. जाळीवर बसलेली धूळ आणि कोरडे पडलेले बेअरिंग पाहून तो झरोक्यांची जागा बदलायला तयार होतो. चिपइतकेच लक्ष शेजारच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरकडे द्यावे, कारण दर १० अंशांच्या वाढीला त्याचे आयुष्य निम्मे होते असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे.

काकांचा मुलगा आता डी क्लासचे, म्हणजे ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणारे, अँप बनवतो. या अँपची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असल्याने त्यांना आमचा माल पूर्वीच्या मानाने फारच थोडा लागतो. पण पॉवर सप्लायच्या मांडणीसाठी तो अजूनही बोर्ड घेऊन भोसरीला येतो. सेट-टॉप बॉक्सच्या त्या कंपनीचाही मध्यंतरी राउटरच्या कामासाठी फोन आला होता. त्यांनी दर विचारला तो किलोमागे. आम्ही डिझाइनची फी आगाऊ मागितली, आणि पुन्हा फोन आला नाही.