मसालेभातात तांदळाऐवजी पास्ता: तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी मी पातेलंभर मसाले पास्ता केला होता, तेव्हापासून जिन्यात, भाजीवाल्याकडे, भिशीत एकच प्रश्न, "काकू, आम्ही पण मसालेभातासारखंच सगळं केलं, फक्त तांदळाच्या जागी पास्ता घातला, मग लगदा कसा झाला?" दरवेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर लक्षात येतं की मुख्य गोष्ट राहिलीच, म्हणून आज नीट लिहिते.

माझाही पहिल्यांदा लगदाच झाला होता. जुलैतला पाऊस, तोंडली-वांगी फोडणीत परतून झालेली, गोडा मसाल्याचा वास घरभर, आणि डबा उघडला तर आंबेमोहोर जेमतेम मूठभर. मुलांचं मॅकरोनीचं पाकीट होतं ते ओतलं, वाटीला दोन वाट्या पाणी घातलं, कुकर लावला. शिट्टीतून पांढरा फेस यायला लागला आणि उघडून बघते तर आत नुसती पेज. खूप वाईट वाटलं, कारण भाजीला मसाला फार छान लागला होता.

चूक वाटीची होती. माझ्या वाटीत तांदूळ बसतो साधारण १६० ग्रॅम, आणि तीच वाटी मॅकरोनीने भरली तर जेमतेम ८०-८५, कारण नळ्या पोकळ आणि मधे सगळी हवा. म्हणजे दोन वाट्या पाणी घातलं तेव्हा मी दुप्पट पाणी घातलं होतं. वजनाने पाहिलं तर दोघांना पाणी जवळपास सारखंच लागतं, अडीचपटीच्या आसपास. २५० ग्रॅम पास्त्याला ६०० मिली पाणी, उकळतं, आणि झाकणाचं जाड बुडाचं पातेलं. कुकर नकोच, पास्त्याचा फेस वर चढून शिट्टीत अडकतो आणि मधे उघडून हलवताही येत नाही.

आणि हलवावं लागतं! मसालेभाताला आपण एकदा पाणी घातलं की हात लावत नाही, शितं मोडतात म्हणून. पास्त्याचं उलटं आहे, तीन-चार वेळा तळापासून हलवला नाही तर एकमेकांना चिकटतो, आणि हलवल्यामुळे जो स्टार्च पाण्यात उतरतो त्यानेच रस दाट होतो. हा रस फार महत्त्वाचा आहे, कारण तांदूळ शिजताना मसाल्याचं पाणी पिऊन आतपर्यंत चवदार होतो, पास्ता म्हणजे आधीच घट्ट मळून वाळवलेली कणीक, पाणी तोही पितो पण मसाला बराचसा बाहेरच राहतो. मग चव बाहेरूनच धरायला हवी. म्हणून मी गोडा मसाला दोनदा घालते, एक चमचा फोडणीत भाजीबरोबर आणि एक शेवटच्या दोन मिनिटांत, आणि ओलं खोबरं सगळं वरून न भुरभुरवता अर्धं चार काजूंबरोबर वाटून रसात घालते. पाणी चाखून बघायचं, आमटीएवढं मीठ लागलं पाहिजे, नंतर वरून घातलेलं मीठ आत जात नाही.

तोंडली मात्र आधी झाकण ठेवून अर्धी शिजवून घ्या. भाताबरोबर ती आरामात शिजतात, पण पास्ता दहा-बारा मिनिटांत होतो आणि तोंडली कचकचीत राहतात. वांगी, मटार पास्त्याबरोबरच चालतात.

अजून एक. कोरडा पास्ता त्या फोडणीत तीन-चार मिनिटं परता, थोडा तांबूस होईपर्यंत. हे मी शेवयांच्या उपम्यावरून घेतलं, शेवया न भाजता कोणी उपमा करतं का? नंतर कळलं की स्पेनमध्ये वॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर, गांदिया गावाकडे, फिदेउआ नावाचा पदार्थच आहे, पाएया या तिथल्या भाताच्या पदार्थासारखाच पण तांदळाऐवजी आखूड शेवयांचा, आणि तिथेही पुष्कळ जण त्या शेवया आधी तेलात परतून घेतात. मला इतका आनंद झाला हे वाचून! कोणी म्हणालं की पास्ता आपला नाही तर मला पटत नाही, चांगला पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा होतो तोच आपला बन्सी, शेवयांच्या रव्याचा. आपल्या पुण्यातच आघारकर संस्थेने एमएसीएस ४०२८ नावाचं ड्युरमचं वाण काढलंय, प्रथिनं जवळजवळ १४.७ टक्के. लॉ कॉलेज रोडच्या बाजूने जाताना आता मला दरवेळी ते आठवतं.

आकार शंखाचाच घ्या, मटार आणि रस त्यात जाऊन बसतात, स्पॅगेटी अजिबात नको. चीजबद्दलही विचारता, तर माझं मत स्पष्ट आहे, घालू नका, दगडफुलाचा वास त्याखाली मरतो. साजूक तूप, कोथिंबीर, लिंबू, आणि शेजारी मठ्ठा.

गॅस बंद करताना तळाशी थोडा रस दिसलाच पाहिजे, पूर्ण कोरडा झाला तर ताटात येईपर्यंत गोळा होतो, कारण तो नंतरही पाणी ओढत राहतो. भाताला वाफेवर पंधरा मिनिटं ठेवतो तसं याला ठेवू नका, दोन मिनिटं पुरे, आणि माणसं पानावर बसली की मगच शेवटचा मसाला घाला. उरला तर सकाळी अर्धी वाटी उकळतं पाणी घालून मंद आचेवर गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतो.