नाताळचा मोजा लहान केला तेव्हा

जानेवारीत तीन राजांचा सण झाला की आमच्याकडे नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आवरतात. गेल्या वर्षी मेंढरं-उंट वर्तमानपत्रात गुंडाळून झाल्यावर मी खोलीचा केर काढला, तर केरापेक्षा मुलांना नाताळच्या मोज्यांत भरून दिलेला मालच जास्त निघाला. सोफ्याखाली, फ्रीजमागे, बाल्कनीच्या जाळीत. सगळं सुपात गोळा केलं. भिंतीवर फेकून मारायचा चिकट जेलीचा हात, त्याला केस आणि धूळ लागलेली. मणी ओघळलेलं ब्रेसलेट. तीन चाकं उरलेली गाडी. फळांच्या वासाची खोडरबरं, ज्यांनी अक्षर पुसलं जात नाही, फक्त वहीचं पान काळं होतं. मोजल्या तर 41 वस्तू होत्या. पंधरा दिवसांपूर्वी मीच हौसेने आणलेल्या.

त्यात एक लुकलुकणारी अंगठी होती. तिचं मागचं झाकण उघडं आणि आतला बटन सेल गायब. नणंदेचा दोन वर्षांचा मुलगा त्या दिवशी आमच्याकडेच होता. नणंद त्याला मांडीवर घेऊन त्याच्या मुठी उघडून बघत होती, सासूबाई पुटपुटत जपमाळ ओढत होत्या आणि मी जमिनीला गाल टेकवून टॉर्चने कपाटाखाली शोधत होते. नखाएवढा सेल चटईच्या काठाखाली सापडला, तोवर वीस मिनिटं गेली होती. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघत बसायचं नसतं, थेट हॉस्पिटलात जाऊन एक्स-रे काढायचा असतो. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. रात्री आठवत बसले, ही अंगठी मी का घेतली होती? मुलीने मागितली नव्हती. मला आवडलीही नव्हती. मोज्याच्या पोटरीपाशी जागा रिकामी दिसत होती, म्हणून घेतली होती.

म्हणून या वेळी सुरुवात मोज्यापासूनच केली. आधीचे बाजारचे लाल मखमली मोजे माझ्या हाताच्या कोपरापर्यंत यायचे. ते भरायचे म्हटलं की कितीही आणा, कमीच. सासूबाई वसईच्या. त्यांच्या आईचं लाल चौकड्यांचं लुगडं ट्रंकेत होतं, पदर विरलेला. त्यातल्या धडक्या भागातून त्यांनी दोन मोजे शिवले, काठापासून टाचेपर्यंत जेमतेम वीतभर.

“एवढ्याशा मोज्यात काय मावणार गं?” त्या म्हणाल्या.

“मम्मी, न मावायलाच तर हवंय.”

आमचं घर बोरिवलीला आय. सी. कॉलनीत, एक बेडरूमचं. चार मोठी माणसं असतो कधीकधी, दोन मुलं कायमची. नवी वस्तू आली की जुनी कुठेतरी सरकवावी लागते. म्हणून दिवाळीपासून मी एक छोटी वही फ्रीजवर ठेवली आणि मुलांच्या हातून काय संपतं, काय हरवतं, कशासाठी ती माझ्या मागे लागतात ते लिहीत गेले. थोरली नऊ वर्षांची. तिच्या केसांच्या काळ्या क्लिपा आठवड्याला दोन तरी गळतात. धाकटा सहा वर्षांचा, त्याला प्रत्येक गोष्ट “किती मोठी?” हे हवं असतं. दार किती मोठं, मासा किती मोठा, आजी किती मोठी. दोघं पत्ते खेळतात, पण कॅटमध्ये 47च पानं उरली होती आणि बदाम सात दर वेळी अडायचा.

वस्तू निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा ठरवला: फेब्रुवारीत ही कुठे असेल? उत्तर पोटात, कंपासपेटीत, अंगावर किंवा अमुक खुंटीला असं आलं तर घ्यायची. “असेल कुठेतरी” असं आलं तर नाही. प्रत्येकी 300 रुपयांच्या वर जायचं नाही, हेही ठरलं.

नवऱ्याने टूथब्रश आणि शाळेचे पांढरे मोजे सुचवले. उपयोगाचे आहेतच, पण मी नको म्हटलं. ते महिन्याच्या सामानातून येणारच असतात. मोज्यातून तेच काढलं तर पोराला सण मिळाल्यासारखं वाटत नाही, आईने दुकानातली पिशवी दोनदा उघडून दाखवल्यासारखं वाटतं. उपयोग मुलाच्या बाजूने बघायचा, आपल्या यादीच्या बाजूने नाही. हे मला फार पटलेलं आहे.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी मरीन लाइन्सला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केटला गेले. रविवारी तिथली बरीच घाऊक दुकानं बंद असतात. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागद, पेनं, खोडरबरं डझनाच्या भावात मिळतात आणि खरा मोह तिथेच होतो. एक पेन्सिल हवी असते, हातात बारा येतात. म्हणून जावेला बरोबर नेलं. डझन घेतलं की तिथेच पायरीवर बसून वाटून टाकायचं. सहा चांगल्या पेन्सिली आणि दोन पांढरी, बिनवासाची खोडरबरं मला आली. पुढे एका दुकानात खेळण्यांच्या बरण्या मांडल्या होत्या, गेल्या वर्षीच्याच जेलीच्या हातांच्या. चौदा वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021पासून आयएसआयचा शिक्का बंधनकारक आहे. मी विचारलं, शिक्का कुठाय? दुकानदाराने बरणी उलटसुलट करून बघितली आणि गुपचूप जागेवर ठेवली. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणीही तिथे होते. पोटात गेले तर तेही फुगतात. घरात लहान मूल येत-जात असेल तर ते आणूच नयेत.

धाकट्यासाठी शिंप्याची मापाची टेप घेतली, पिवळी, 150 सेंटीमीटरची. तिला लागले वीस रुपये आणि सगळ्या खरेदीत मला तीच जास्त आवडली. त्याच्यासाठीच एक लाकडी भोवरा, फिरवायच्या दोरीसकट. दोघांत मिळून पत्त्यांचा नवा कॅट. थोरलीला क्लिपांचं पान आणि हातात धरायचं भिंग, कारण ती बाल्कनीतल्या मुंग्यांजवळ अर्धा अर्धा तास उकिडवी बसते. दोघांना शेंगदाण्याची चिक्की. आणि कागदाच्या पुडीत मूठभर मेथीदाणे.

मेथीचं सांगायला हवं. मुंबईत समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात, वाळूत उगवलेल्या. धाकट्याला त्या फार आवडतात. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात रेती-माती घालून मेथी टाकली तर दोन-तीन दिवसांत मोड येतो आणि दहाएक दिवसांत खुडता येते. खेळ होतो आणि शेवटी आमटीत जातो. डबा परत भंगारात.

पायाच्या बोटांपाशी घालायला दोन संत्री घेतली. ती का, हे मी मुलांना दर वर्षी सांगते. चौथ्या शतकातले मायराचे (आजच्या तुर्कस्तानातल्या) बिशप संत निकोलस, त्यांचा सण 6 डिसेंबरला असतो. एका गरीब बापाला तीन मुली होत्या, लग्नाला पैसे नव्हते. निकोलसांनी रात्री कुणाला न कळू देता सोनं आत टाकलं आणि ते वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं, अशी कथा आहे. संत्रं हे त्या सोन्याच्या गोळ्याची खूण. या वर्षी सांगताना माझ्या लक्षात आलं, की निकोलसांनी मोजा भरायला म्हणून काही टाकलं नव्हतं. त्या घरात काय नडलंय, ते त्यांनी आधी पाहिलं होतं.

नातेवाइकांचं थोडं अवघड गेलं. दर वर्षी चार घरांतून पिशव्या येतात आणि प्रेमाने येतात. मी ऑगस्टपासून एकेकाशी फोनवर बोलले. थोरलीच्या गॉडमदरला सांगितलं, “ताई, वस्तू नको, तुम्हीच या.” त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: राणीची बाग, पेंग्विन, आणि नंतर सीएसएमटीकडून एसी डबलडेकरने वरच्या मजल्यावर, पुढच्या सीटवर. बाग बुधवारी बंद असते, एवढीच मी त्यांना आठवण करून दिली. चिठ्ठी घडी करून मोज्यात.

थोरलीच्या मोज्यात अजून एक जागा होती, मुद्दाम ठेवलेली. जूनपासून ती ट्यूशनहून एकटी येते आणि मला यायला उशीर झाला तर शेजारच्या काकूंकडे दप्तर घेऊन बसते. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून लॅचची एक चावी करून घेतली. त्याने कानशीने दाते घासले, फुंकर मारली, जुन्या चावीला लावून उजेडात धरलं, पुन्हा दोन हात घासलं. घरी येऊन मी दार तीन वेळा उघडून बघितलं. चावीला लाल गोंडा बांधला, त्याच लुगड्याच्या दोऱ्याचा.

चर्चमधली मध्यरात्रीची प्रार्थना, मिस्सा, आटोपून आलो तेव्हा धाकटा खांद्यावर झोपलेला होता. मोजे भरायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आधीच्या वर्षी तास लागला होता.

सकाळी धाकट्याने आधी चिक्की खाल्ली, मग टेपने गोठ्यातला बाळ येशू मोजला: अकरा सेंटीमीटर. मग आजीला भिंतीपाशी उभं केलं आणि टेप पुरली नाही म्हणून तिला बसवून मोजलं. थोरलीने चावी काढली, उलटीपालटी केली आणि विचारलं, “कुठली?” मी म्हटलं, आपली. ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं. आतून आम्हाला चावी भोकाभोवती चाचपडत फिरल्याचा आवाज आला, मग खट् झालं आणि ती आत आली. काही बोलली नाही. पुन्हा बाहेर गेली.

भोवरा मात्र फसला. आमच्या फरशीवर आर, म्हणजे त्याचा टोकाचा खिळा, रुतत नाही, तो घसरत जाऊन कपाटावर आपटतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांना त्रास होतो. तो मी दिराकडे वसईला दिला, तिथे मातीचं अंगण आहे.

या जानेवारीत गोठा आवरताना सूप काढलंच. चार क्लिपा सापडल्या, त्या तिच्या केसांत परत गेल्या. टेप दाराच्या खिळ्याला आहे, मेथी खुडून झाली. मोजे धुऊन माळ्यावर ठेवताना पिशवीत चिठ्ठी टाकली आहे: संत्री आधी, पेन्सिली टोकं वर करून. या वेळी एका पेन्सिलीचं टोक संत्र्यात घुसलं आणि लुगड्यावर डाग पडला. सासूबाई म्हणाल्या, राहू दे.