बांगडी आणि केळे

सोमवार, रात्र

सलग पाचव्या रात्री संगणकातला माझा प्रोटॉन मागे वळला नाही. अणुकेंद्रांच्या संमीलनासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारे कड्याच्या आकाराचे यंत्र म्हणजे टोकामॅक. टोकामॅकच्या कड्याभोवती फिरता फिरता तो आतल्या, म्हणजे कड्याच्या भोकाकडच्या, बाजूला येतो. तिथे चुंबकीय क्षेत्र अधिक तीव्र असल्यामुळे त्याची पुढे जाण्याची गती मंदावून त्याने आल्या वाटेने परतायला हवे. पण तो काही न घडल्यासारखा पुढे निघून जातो. अशा अडकलेल्या कणाच्या मार्गाचा उभा छेद केळ्यासारखा दिसतो, असे प्लाझ्मा भौतिकीचे कोणतेही पाठ्यपुस्तक सांगते. माझ्या पडद्यावर मात्र पाच दिवस नुसती बांगडी उमटते आहे.

या नादाला मी निवृत्तीनंतर लागलो. वीज वितरणाच्या नोकरीत तीस वर्षे ट्रान्सफॉर्मरशी गाठ होती आणि टोकामॅक हा मुळात ट्रान्सफॉर्मरच आहे, हे कळले त्या दिवशी मला एखादा दूरचा नातेवाईक सापडल्यासारखे झाले. मधल्या गुंडाळीतला प्रवाह बदलत नेला की भोवतीच्या कड्यातल्या वायूत प्रवाह उत्पन्न होतो. म्हणजे मधली ती प्राथमिक गुंडाळी आणि प्लाझ्मा हीच एका वेढ्याची सेकंडरी, दुय्यम गुंडाळी. प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह एकाच दिशेने कायम बदलत ठेवता येत नाही, म्हणून अशा यंत्राचे काम झटक्याझटक्याने चालते. अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्यामधल्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये सुरू झालेला ‘आदित्य’ हा आपल्या देशात बांधलेला पहिला टोकामॅक. त्याच्या कड्याची मोठी त्रिज्या ७५ सेंटीमीटर, प्लाझ्माची लहान त्रिज्या २५ सेंटीमीटर. हे आकडे वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आले ते असे, की हे यंत्र आमच्या दिवाणखान्यात मावेल. मी तेच मोजमाप संगणकात घेतले, चुंबकीय क्षेत्र पाऊण टेस्ला धरले आणि त्यात २०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एक प्रोटॉन सोडला.

घरी प्रत्यक्ष काही उभारण्याचा मोह झाला नाही असे नाही. दूरचित्रवाणीचा एक जनक फिलो फार्न्सवर्थ याने कल्पिलेला फ्यूजर, म्हणजे उच्च दाबाच्या विजेने संमीलन घडवणारे छोटे यंत्र, जगभरचे हौशी लोक गॅरेजमध्ये बांधतात, त्यातून न्यूट्रॉनही मिळवतात, आणि तीस-चाळीस हजार व्होल्टचे मला भय नाही. पण त्यासोबत येणारे क्ष-किरण आणि ड्यूटेरियमचा (जड हायड्रोजनचा) सिलिंडर या दोन गोष्टी शेजारपाजार असलेल्या इमारतीत आणायच्या नसतात, एवढी अक्कल नोकरीने शिकवली आहे.

मंगळवार

आज चूक गणनापद्धतीत असेल या संशयाने ती पुन्हा तपासली. पाऊण टेस्लाच्या क्षेत्रात प्रोटॉन सुमारे ८७ नॅनोसेकंदांत एक घिरटी पूर्ण करतो आणि त्या घिरटीची त्रिज्या जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरते. एका घिरटीचे मी वीस टप्पे पाडतो. सुरुवातीला ऑयलरची शाळकरी पद्धत वापरली होती, तेव्हा एकाच घिरटीत वेग अडीच पट झाला आणि तिसऱ्या-चौथ्या घिरटीत स्वारी यंत्राबाहेर गेली. मग रुंगे-कुट्टा पद्धत घेतली. ती दिसायला सोज्वळ, पण प्रत्येक टप्प्याला कणाच्या खिशातून नकळत चिमूटभर ऊर्जा काढून घेते, आणि लाखभर टप्प्यांनंतर क्षेत्राला आडवा असलेला वेग निम्म्यावर येतो. चुंबकीय क्षेत्र कणाला नुसते वळवते, त्याची ऊर्जा बदलत नाही, म्हणजे हा घाटा सर्वस्वी माझ्या हिशेबातला. जे. बोरिस यांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत यावर उतारा आहे: ती वेगाचा बाण नुसता वळवते, लांबीला हात लावत नाही. तीच मी वापरतो आहे, आणि आज पुन्हा पाहिले तर अर्ध्या मिलिसेकंदानंतरही ऊर्जा २०० च्या २०० च होती. तेव्हा चोर तिथे नाही.

बुधवार, पहाटे

झोप लागली नाही म्हणून उठून जुना धडा गिरवला: यंत्र बिघडले की भार काढायचा आणि एकेक भाग सुटा तपासायचा. प्लाझ्मातला प्रवाह शून्य केला. उरले ते केवळ कड्याच्या दिशेने फिरणारे क्षेत्र, ज्यात कण टिकत नाही हे सर्वमान्य आहे. तो हळूहळू वर किंवा खाली सरकत जाऊन भिंतीला टेकतो. प्रोटॉन एका बाजूला जातात, इलेक्ट्रॉन दुसऱ्या, त्यामुळे प्रभार विलग होतात, आणि त्यातून उपजलेले विद्युतक्षेत्र साऱ्या प्लाझ्माला बाहेर फेकते. टोकामॅकमध्ये प्लाझ्मातूनच प्रवाह नेऊन क्षेत्ररेषांना पीळ द्यावा लागतो तो यासाठीच.

हे सरकणे किती, याचा हिशेब कागदावर होतो. त्याचे दोन भाग आहेत. वळणावर बस उतारूंना बाहेर ढकलते तसा वाकलेल्या क्षेत्ररेषेवरून धावण्याचा एक, आणि क्षेत्र बाहेरच्या बाजूला विरळ होत जाते त्याचा दुसरा. प्रोटॉन क्षेत्ररेषेशी ४५ अंशांच्या कोनात सोडला तर पहिला भाग सेकंदाला ३५६ मीटर, दुसरा १७८. बेरीज सुमारे ५३३. या वेगाने २५ सेंटीमीटर जायला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही. संगणकातला कार्यक्रम चालवला. पडद्यावर आकडा आला ३५६.

मी चहाचा कप हातात धरून त्या आकड्याकडे पाहत राहिलो. बरोबर दोन तृतीयांश. गणनेतल्या साचत जाणाऱ्या चुका इतक्या नेमक्या नसतात. हा कोणीतरी दुसरा भाग गाळल्याचा पुरावा होता, आणि तो ‘कोणीतरी’ मीच. क्षेत्राच्या सूत्रात ‘बी-शून्य गुणिले आर-शून्य भागिले आर’ लिहायच्या ऐवजी शेवटीही आर-शून्यच लिहिले होते. बी-शून्य म्हणजे मध्यावरचे क्षेत्र, आर-शून्य म्हणजे कड्याची मोठी त्रिज्या आणि आर म्हणजे यंत्राच्या अक्षापासून कणाचे अंतर. अंश आणि छेद एकच, भागाकार एक, आणि क्षेत्र सगळीकडे सारखेच तीव्र. आतल्या बाजूला ते वाढतच नव्हते, मग प्रोटॉन कशाला अडून मागे वळेल? माझी बांगडी चुकीची नव्हती. मी वर्णन केलेल्या, पण कुठेही नसलेल्या यंत्रात ती अगदी योग्य होती.

हा ताळा मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता. १९६८ मध्ये सोव्हिएत संघाने टी-३ या टोकामॅकमध्ये कोटभर अंशांचे तापमान गाठल्याचे जाहीर केले तेव्हा पश्चिमेकडच्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. शीतयुद्ध ऐन भरात असताना पुढच्या वर्षी इंग्लंडच्या कलहॅम प्रयोगशाळेतले लोक स्वतःचा लेसर घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी वेगळ्या रीतीने तेच तापमान मोजले आणि आकडा खरा निघाला. त्यानंतर जो तो टोकामॅक बांधू लागला. ती हकिगत मी चार जणांना रंगवून सांगितली असेल. स्वतःच्या हिशेबाला मात्र ती लावली नाही.

बुधवार, रात्र

दिवसभर लाइट नव्हती. संध्याकाळी आली तेव्हा सूत्र सुधारले, सरकण्याचा वेग ५३३ च्या आसपास आला याची खात्री केली आणि मग एक लाख अँपियर प्रवाह पुन्हा जोडला. इतक्या प्रवाहाने कडेला उपजणारे आडवे क्षेत्र मुख्य क्षेत्राच्या जेमतेम दशांश असते, पण पीळ द्यायला तेवढे पुरते. मध्यापासून १५ सेंटीमीटर बाहेर प्रोटॉन ठेवला. क्षेत्राशी ४५ अंशांत सोडलेला प्रोटॉन पूर्ववत बांगडी काढत गेला. मग ७० अंश केले. तो आत निघाला, मंदावला, क्षणभर एकाच जागी घिरट्या घालत राहिला आणि परतला. जाताना एका वाटेने, येताना सेंटीमीटरभर सरकलेल्या दुसऱ्या वाटेने. पडद्यावर निमुळत्या टोकांचे, पोटाशी फुगलेले केळे.

सौ.ने चष्मा लावून पाहिले आणि विचारले, “अहो, याच्यासाठी आठवडाभर जागत होता?” मी हो म्हणालो. कोन एकेक अंशाने बदलून पाहिला तेव्हा ५५ च्या आसपास बांगडीचे केळे होते असे दिसले, आणि कागदावरचे उत्तरही तेच आहे.

शनिवार

आज कणांना अधूनमधून धक्के देऊन पाहिले, कारण खऱ्या प्लाझ्मात टकरी होतातच. प्रवाहाशिवायच्या सरळ क्षेत्रात टक्कर झाली की कण साधारण घिरटीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे पावणेतीन मिलिमीटर बाजूला पडतो; केळ्यावरचा कण मात्र केळ्याच्या रुंदीएवढी, सेंटीमीटरभराची, उडी घेतो. गळती उडीच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा हा फरक लहान नाही. गालेयेव आणि सगदेयेव या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांनी हा हिशेब १९६०च्या दशकातच मांडला होता. तरीही प्रत्यक्ष यंत्रांतून उष्णता त्यापेक्षा कितीतरी अधिक गळते, कारण प्लाझ्मा स्वतःच खळबळतो, आणि ती खळबळ माझ्या कार्यक्रमात येणे शक्य नाही: माझे कण एकमेकांना पाहतच नाहीत.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना होमी भाभा यांनी येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची रीत सापडेल असे भाकीत केले होते. त्यावरून त्यांची थट्टा करणारे भेटतात, आणि ती मला रुचत नाही. एका कणाचा मार्ग तेव्हाही कागदावर काढता येत होता आणि तो पाहून कोणालाही असेच वाटले असते. आठवडाभरापूर्वी मलाही वाटत होते. ‘आदित्य’च्या घनमीटरभर जागेत साधारण एकावर एकोणीस शून्ये इतके कण असतात, आणि अडचण त्या गर्दीची आहे.

आता हजार कण एकदम सोडले आहेत. संगणकाचा पंखा वाढीव आवाजात फिरतो आहे आणि कोपऱ्यातली खूण सकाळी सहापर्यंतचा वेळ दाखवते. मधे लाइट गेली तर इन्व्हर्टर दोन तास ओढेल, म्हणून दर दहा हजार टप्प्यांनी कणांची स्थाने फाइलमध्ये उतरवून ठेवण्याची एक ओळ शेवटी घातली. ती ओळ दोनदा वाचली.