माझा ब्राउझर, आवृत्ती 0.1

मंगळवार, रात्र

वेबवरचं सगळ्यात पहिलं पान आज मी स्वतः लिहीत असलेल्या ब्राउझरमध्ये उघडलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन केंद्रात लिहिलेलं. काळी अक्षरं, निळ्या लिंका, चित्र एकही नाही. चित्राचा टॅगच, म्हणजे 'इथे चित्र दाखव' असं ब्राउझरला सांगणारी खूणच, तेव्हा नव्हती; ती मोझेक ब्राउझरचे एक कर्ते मार्क अँड्रीसन यांनी 1993 मध्ये सुचवली. गंमत म्हणजे त्या पानाच्या सोर्समध्ये 'नेक्स्टआयडी' नावाचा एक टॅग आहे. तो केव्हाच मोडीत निघाला आणि माझ्या पार्सरला, म्हणजे टॅग वाचणाऱ्या भागाला, तर त्याची ओळखसुद्धा नाही. तरी पान व्यवस्थित दिसलं. अनोळखी टॅग आला की कुरकुर न करता पुढे जायचं, आतला मजकूर तेवढा दाखवायचा, हा नियम वेबच्या सुरुवातीपासूनचा. प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला एक सेमीकोलन कमी पडला तर तो हातातलं काम टाकून बसतो. ब्राउझरला ती चैन नाही.

आणि अनोळखी टॅग हे त्यातलं सोपं प्रकरण. ठळक अक्षरांचा टॅग उघडला, त्यात तिरप्या अक्षरांचा उघडला, मग आतला तसाच ठेवून बाहेरचा बंद केला, असं लिहिणारे असंख्य आहेत. याचं काय करायचं हे एचटीएमएलच्या, म्हणजे या टॅगांच्या भाषेच्या, अधिकृत नियमावलीत पायरीपायरीने लिहून ठेवलंय, त्या रीतीचं नाव 'ॲडॉप्शन एजन्सी अल्गोरिदम'. तक्त्याच्या आत पण कुठल्याच चौकटीत नसलेला मजकूर तक्त्याच्या आधी नेऊन ठेवायचा, त्याला म्हणतात 'फॉस्टर पेरेंटिंग'. नियमावली लिहिणाऱ्यांनी पोरक्या टॅगांसाठी अख्खा अनाथाश्रम उघडलेला दिसतो. या दोन भागांत माझे जितके तास गेले तितके रंग, फाँट आणि समास मिळूनही गेले नाहीत.

गुरुवार

देवनागरी. रोमन लिपीसाठी ओळ मांडणं सोपं: एकेका अक्षराची रुंदी घ्या, बेरीज करा, जागा संपली की शेवटच्या मोकळ्या जागेपाशी ओळ तोडा. 'कि' लिहिताना मेमरीत आधी क येतो, मग वेलांटी, पण काढताना वेलांटी आधी. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन कोड, पडद्यावर मात्र एकच आकार. 'दऱ्या' मधला अर्धा र तर आणखी वेगळा. तेव्हा सुटी अक्षरं मोजून इथे भागत नाही, पूर्ण तुकडा हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या तयार लायब्ररीकडे सोपवायचा आणि ती जे आकार आणि ज्या जागा देईल तेच खरं मानायचं. मग माउसने मजकूर निवडताना 'क्ष' चा अर्धाच भाग निळा होणार नाही याची काळजी वेगळी.

हे सगळं स्वतः लिहायचा मोह झाला नाही. छंद असला तरी सगळं घरीच दळायला हवं असं नाही. एन्क्रिप्शनलाही हेच लागू. टीएलएस, म्हणजे वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारी पद्धत, ज्याने हौसेखातर स्वतः लिहिली, त्याचा ब्राउझर मी वापरणार नाही. पार्सर, सीएसएसमधला सजावटीचा कुठला नियम कुठे लागू त्याची निवड, लेआउट, रंगवणं एवढं माझं. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानांच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमांची भाषा, नाही. नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आईक यांनी 1995 मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, पण आजची जावास्क्रिप्ट दहा वर्षांतही एकट्याच्याने होईल असं वाटत नाही. त्यामुळे निम्मं वेब माझ्याकडे कोरं दिसतं. उरलेलं निम्मं मात्र झपाट्याने उघडतं.

शनिवार, दुपार

पान मागताना सर्व्हरला ब्राउझरची ओळख काय सांगायची यावर दिवस गेला. आधी सरळ स्वतःचं नाव आणि 0.1 एवढंच पाठवलं. काही साइट्सनी 'तुमचा ब्राउझर जुना आहे' असं पान हातात ठेवलं. अजून जन्माला न आलेला ब्राउझर जुना कसा, ते त्यांनाच ठाऊक.

याची मुळं बरीच खोल. नव्वदीच्या दशकात नेटस्केप ब्राउझरला फ्रेम्स, म्हणजे पानाचे वेगवेगळे कप्पे, दाखवता यायच्या आणि तो आपली ओळख 'मोझिला' अशी सांगायचा, म्हणून काही सर्व्हर ते नाव पाहूनच फ्रेमवालं पान द्यायचे. मग इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःला मोझिला म्हणवू लागला. पुढे केएचटीएमएल या ब्राउझर-इंजिनने 'गेकोसारखा' (गेको हे मोझिलाचं इंजिन) अशी पुस्ती जोडली, ती ॲपलच्या वेबकिट इंजिनने उचलली, आणि आज क्रोम आपली ओळख सांगताना मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको आणि सफारी इतक्या सगळ्यांची नावं घेतो. खोटं बोलल्याशिवाय दारात उभं करत नाहीत म्हणून सगळेच खोटं बोलतात. मीही 'मोझिला 5.0' ने सुरुवात केली आणि शेवटी स्वतःचं नाव लावलं. साइट्स निमूट उघडल्या.

रविवार, पहाट

रिलीज करायचं म्हटल्यावर झोप उडाली. स्वतःपुरता ब्राउझर चालवणं वेगळं. मला माहीत आहे की तो सगळी पानं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रॅमच्या मेमरीत, उघडतो. क्रोमने 2008 मध्येच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये नेले, पुढे एकेक साइटसुद्धा वेगळी काढली, म्हणजे एका पानातून कुणी शिरलं तरी दुसऱ्या पानातलं त्याच्या हाती लागू नये. माझ्याकडे अशी भिंतच नाही. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी या वेबपी प्रकारची चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं होतं: मुद्दाम बिघडवलेलं एक चित्र पुरे. मोठ्या ब्राउझरांनी लगोलग अपडेट दिले. तशीच लायब्ररी मी सोबत देणार, आणि उतरवून घेतलेला माणूस ती विसरून वर्षभर तशीच चालवणार.

इथेच या यंत्राचा स्वभाव नीट कळला. पान लिहिणाऱ्याच्या सगळ्या चुका पोटात घालायच्या, आणि विश्वास मात्र त्याच्या एकाही बाइटवर ठेवायचा नाही. पहिली गोष्ट लिहायला मजा येते. दुसरी कुणाला दिसत नाही, तिच्यामुळे पान तसूभरही सुंदर होत नाही, आणि एकटा माणूस तिला पुरा पडत नाही.

म्हणून कात्री लावली. वेबपी चित्रं काढून टाकली. कुकी नाहीत, पासवर्डची चौकट आली की ती रिकामी आणि बंद. बँक, मेल, खरेदी यांसाठी वापरू नका, हे रीडमी या सूचनांच्या फाइलीत सगळ्यात वर, ठळक. आणि बिल्डला, म्हणजे चालवायला तयार प्रतीला, मुदत: ठरावीक काळाने तो उघडताना नवी आवृत्ती घ्या म्हणेल आणि नेटला हात लावणार नाही. हौशी सॉफ्टवेअरला हे शोभत नाही असं एक मित्र म्हणाला. मला उलट वाटतं. ज्यांच्याकडे सुरक्षेसाठी वेगळी माणसं आहेत त्यांनी कायम चालणारं द्यावं.

संध्याकाळी कोड आणि बिल्ड दोन्ही खुले केले, कुणालाही वापरायची-बदलायची मुभा देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली.

बुधवार

पहिली तक्रार आली. मागे जाण्याचं बटण दाबलं की पान पुन्हा वरून सुरू होतं, वाचत होतो ती जागा सापडत नाही. बरोबर आहे. माझी चाचणीची पानं इतकी आखूड की स्क्रोल कधी लागलाच नव्हता. आता प्रत्येक पान कुठवर वाचलं ती उंची हिस्टरीत ठेवावी लागेल, आणि चित्रं उशिरा आली की तीच उंची बदलते, म्हणजे चित्रं येईपर्यंत थांबायचं की अंदाजाने उडी मारायची हा प्रश्न. बहुधा अंदाजानेच, आणि चित्र आलं की सावरून घ्यायचं.

दुसऱ्या एकाने टॅब मागितलेत. टॅब देणार नाही. दुसरं पान हवं असेल त्याने दुसरी खिडकी उघडावी.