पाच रहस्यं आणि पाचशे रुपये

रोझरी म्हणजे कॅथलिकांची जपमाळेवरची प्रार्थना. तिच्या माळेत 59 मणी असतात. 53 ‘नमो मरिया’चे आणि 6 येशूने शिकवलेल्या प्रार्थनेचे. गोव्यात घरच्या रोझरीला ‘तेर्स’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ तिसरा हिस्सा. पूर्ण रोझरी तेव्हा 15 रहस्यांची, म्हणजे येशू आणि मरियेच्या आयुष्यातल्या मनन करायच्या प्रसंगांची; रोज म्हणायची पाच, म्हणून तिसरा हिस्सा. 2002 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं वाढवली. तेव्हापासून हिशेबाने ‘पाव’ म्हणायला हवं, पण गोव्यात पाव म्हटलं की पाव विकणारा पोदेरच डोळ्यांपुढे येतो.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवार प्रकाशाचा, आणि तिथेच जाणत्यांचीही गाडी अडते. बाप्तिस्मा आणि काना गावचं लग्न इथवर ठीक. पुढचं सांगायला कुणीतरी पुस्तक शोधू लागतं.

वीस मिनिटांचं काम. बिघडतं ते वेगामुळे. अर्धी प्रार्थना पुढाकार घेणाऱ्याने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. घाई असली की पहिली अर्धी संपायच्या आतच दुसरी सुरू होते आणि शब्दांची नुसती खिचडी होते. माळेचंही एक दुखणं असतं. तारेची कडी उघडते, मणी पलंगाखाली घरंगळतो आणि एक दशक, म्हणजे दहा ‘नमो मरियां’चा गट, नऊचंच उरतं. पोरांना तेच दशक आवडतं. बारीक पकडीने कडी दाबून घेतली की माळ पुन्हा वर्षभर टिकते.

मन भरकटतंच. भाजी करपली का, गॅस बंद केला का. भरकटू नये म्हणून दात-ओठ खाण्यात अर्थ नाही. मोजायचं काम बोटांकडे असतं, म्हणून तर मन मोकळं असतं. त्याला काम द्यावं. प्रत्येक दशकाआधी एक नाव घ्यावं: आजारी शेजारीण, परीक्षेला बसलेला भाचा. ‘सर्व जगासाठी’ म्हणणं सोपं, कारण सगळं जग काही जिन्यात समोर येत नाही.

खरी अडचण मोठ्या मण्यापाशी, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेपाशी. आमच्या अपराध्यांना आम्ही क्षमा करतो तशी आम्हालाही कर, हे वाक्य एका तेर्सात सहा वेळा येतं. पाचशे रुपये बुडवलेला माणूस पहिल्यांदा आठवला की राग येतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा व्याजासकट येतो. चौथ्या-पाचव्या खेपेला, गुडघे दुखू लागलेले असताना, तीच रक्कम थोडी लहान दिसते. दिसेलच असं नाही. पण उद्या पुन्हा सहा खेपा आहेतच.

तेर्स संपला की गोव्यातल्या जुन्या घरांत धाकट्यांनी थोरांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायचा. दुपारी ज्याच्याशी कडाकडा भांडण झालं, तो थोरला असला तर त्याच्यापुढेही. जेवण त्यानंतर.