फाईल साहेबांच्या घरी जाते तेव्हा

दर काही महिन्यांनी अमेरिकेतून बातमी येते की अमक्या मोठ्या माणसाच्या घरात सरकारी गुप्त कागद सापडले, आणि लगेच आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच की बघा, तिकडे प्रेसिडेंटलाही सोडत नाहीत, नाहीतर आपल्याकडे. मला दर वेळी वाटतं की अरे पुढचं पण वाचा ना, शेवटी सोडतातच.

ट्रम्पच्या फ्लोरिडातल्या घरावर ऑगस्ट २०२२ मध्ये एफबीआयने छापा टाकला, खोकीच्या खोकी नेली, त्यातली काही तर बाथरूममध्ये ठेवल्याचे फोटो सगळ्या जगाने बघितले. जून २०२३ मध्ये आरोप ठेवले गेले आणि जुलै २०२४ मध्ये जजबाईंनी केसच काढून टाकली, कारण काय तर खटला चालवणाऱ्या स्पेशल कौन्सेलची, म्हणजे खास नेमलेल्या सरकारी वकिलाची, नेमणूकच घटनेला धरून नाही. म्हणजे कागद तिथे का होते हा प्रश्न ज्यूरीपर्यंत गेलाच नाही. बायडेनच्या गॅरेजमध्येही कागद निघाले. त्यांनी शोधायला मदत केली, आपणहून परत दिले, हा फरक मोठा आहे आणि तो मानायलाच हवा, पण त्यांच्या चौकशीच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये काय लिहिलं तर यांनी कागद जाणूनबुजून ठेवल्याचे पुरावे आहेत, मात्र ज्यूरीला हे सज्जन, विसराळू म्हातारे वाटतील, तेव्हा केस नको. हिलरी क्लिंटनचं २०१६ चं ईमेल प्रकरण, सरकारी ईमेल खासगी सर्व्हरवर ठेवल्याचं, तर सगळ्यांना पाठच आहे, तिथेही खटला नाही. आणि ते जनरल पेट्रेयस, सीआयएचे प्रमुख होते, त्यांनी आपल्या गुप्त नोंदींच्या वह्या चरित्र लिहिणाऱ्या मैत्रिणीला वाचायला दिल्या आणि वर एफबीआयशी खोटं बोलले. शिक्षा दोन वर्षं प्रोबेशन आणि एक लाख डॉलर दंड, तुरुंग नाही.

आता त्याच देशात क्रिस्टियन सॉसिये नावाचा नौदलातला एक पोरगा होता, त्याने पाणबुडीच्या आत मोबाईलवर फोटो काढले, त्याला २०१६ मध्ये एक वर्षाची कैद झाली. रिअॅलिटी विनर नावाच्या कंत्राटी कर्मचारी मुलीने एक गुप्त रिपोर्ट प्रिंट काढून पत्रकारांना पाठवला, तिला पाच वर्षं तीन महिने. तिने मुद्दाम पाठवला होता, पेट्रेयसची केस वेगळी, असं म्हणणारे म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. पण वह्या काही पाय फुटून मैत्रिणीकडे गेल्या नव्हत्या ना.

बरं, अमेरिकेचं एवढं पुरे. आपल्याकडे काय आहे ते मी या महिन्यात जरा नीट वाचून काढलं, आणि त्याला कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे. ते इथे ग्वाल्हेरलाच एका सरकारी ऑफिसातून रिटायर झाले, कुठल्या ते लिहीत नाही, पण नोकरीतली बरीच वर्षं गोपनीय शाखेत काढली. गोपनीय शाखा म्हटलं की आपल्याला काय काय वाटतं, प्रत्यक्षात बहुतेक सगळे सी.आर. (कर्मचाऱ्यांच्या कामाचे गोपनीय अहवाल), चौकशीचे कागद आणि वरून येणारी गोपनीय परिपत्रकं. पण तिथली शिस्त अण्णा अजून हात करून दाखवतात. दोन लिफाफे असायचे, आतल्यावर गोपनीयचा शिक्का आणि ज्याला द्यायचं त्याचं नाव, त्याला लाख लावून पितळी सील उमटवायचं, आणि मग तो बाहेरच्या साध्या लिफाफ्यात घालायचा, त्यावर नुसता पत्ता, गोपनीय हा शब्दसुद्धा नाही, म्हणजे वाटेत कुणाला कळायलाच नको की आत काय आहे. लाख नीट वितळली नाही तर सील फुटतं म्हणून उन्हाळ्यात पंखा बंद करून मेणबत्तीपाशी बसायचं. ग्वाल्हेरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना हे काय प्रकरण असेल ते वेगळं सांगायला नको.

तर एकदा एका साहेबांनी एक गोपनीय फाईल शनिवारी घरी नेली. नेतानाच्या नोंदीवर सही अण्णांची, कारण साहेबांकडे सही मागायची नाही असा तिथला अलिखित नियम. पुढे साहेबांची बदली झाली, सामान भोपाळला गेलं आणि फाईलही सामानाबरोबर गेली. इन्स्पेक्शनमध्ये फाईल सापडेना, आणि कारण बताओ नोटीस कुणाला, तर अण्णांना. फाईल नंतर साहेबांच्या ट्रंकेत जुन्या मासिकांखाली निघाली, ती त्यांच्या पत्नीने शोधून दिली म्हणे. साहेबांनी एक ओळीचं पत्र लिहिलं, की अनवधानाने सामानात गेली. आणि अण्णांच्या नोटिशीवर शेरा पडला, ‘भविष्य में सावधान रहें।’

अण्णा हे सगळं हसत सांगतात. मला नाही हसू येत.

कायद्याचं बघाल तर आपला ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट १९२३ चा आहे, म्हणजे इंग्रजांचाच, त्याच्याआधी १८८९ चा होता, तो कर्झनच्या काळात १९०४ मध्ये आणखी कडक केला. यातलं कलम ३ हेरगिरीचं, त्यात १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्या विषयाचं कलम ५. सगळ्यांना वाटतं की हे कलम फक्त कागद दुसऱ्याला देण्याबद्दल आहे, पण त्यात हेही लिहिलंय की ठेवण्याचा हक्क नसताना कागद स्वतःजवळ ठेवला तरी गुन्हा, आणि कागदाची वाजवी काळजी घेतली नाही तरी गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कागदावर बघितलं तर साहेबांची ट्रंक यात सरळ बसते, ती फाईल कलमाच्या व्याख्येत बसत असेल तर. आणि गंमत म्हणजे सिक्रेट म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाहीच. टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल ही उतरंड सरकारच्या अंतर्गत सूचनांमधली, शिक्का कुठला मारायचा ते ऑफिसच ठरवणार.

म्हणजे कायदा ढिला आहे अशातला भाग नाही, उलट इतका रुंद आहे की कुणालाही ओढता येतं. नौदलातले कॅप्टन सुब्बाराव, त्यांना १९८८ मध्ये मुंबई विमानतळावर पकडलं, बॅगेत काय तर त्यांचाच पीएचडीचा प्रबंध आणि कागद. २० महिने आत होते, मग निर्दोष सुटले. इफ्तिखार गिलानी हे पत्रकार २००२ मध्ये आत गेले आणि जो कागद गुप्त म्हणून दाखवला तो आधीच छापून आलेला, कुणालाही मिळणारा निघाला, तरी सात महिने गेलेच. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं तर सगळ्यांना माहीत आहे, हेरगिरीच्या आरोपाखाली १९९४ ची अटक आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५० लाख भरपाई द्यायला सांगितली. मधली २४ वर्षं कोण देणार?

आणि जिथे खरोखर घोटाळा होता ते कूमर नारायण प्रकरण. १९८५ साली उघडकीस आलं, पंतप्रधान कार्यालयातल्या आणि मंत्रालयांमधल्या फाईली बाहेर यायच्या, त्यांच्या फोटोकॉप्या व्हायच्या आणि फाईली परत जागेवर. निकाल लागला २००२ मध्ये, तोवर मुख्य आरोपी कूमर नारायण वारलेला. १३ जणांना शिक्षा झाली, त्यात बहुतेक खालच्या आणि मधल्या फळीतले सरकारी कर्मचारी. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी तेव्हा राजीनामा दिला, त्यांच्यावर आरोप नव्हता, आपल्या खात्यातून फुटलं म्हणून पायउतार झाले. हेच अलेक्झांडर पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल, पुणे-मुंबईच्या नातेवाइकांना ते तेवढेच आठवतात. मला त्यांचा राजीनामा चांगलाच वाटतो, आजकाल कोण देतं. पण राजीनामा देणं वेगळं आणि कोर्टात उत्तर द्यावं लागणं वेगळं, आपल्याकडे पहिलं झालं की दुसरं कुणी विचारत नाही.

आता ग्वाल्हेरकरांचा विषय. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटला गेलेली मिराज इथूनच, महाराजपुऱ्याच्या एअरबेसवरून उडाली. विमानांचा आवाज आम्हाला रोजचाच, खिडकीच्या काचा थरथरल्या तरी कुणी मान वर करत नाही, आणि त्या रात्री काय चाललंय याचा गावाला पत्ता नव्हता, सकाळी टीव्हीवरच कळलं. तर जानेवारी २०२१ मध्ये टीआरपी केसच्या चार्जशीटमधून एका न्यूज अँकरच्या व्हॉट्सअॅप चॅट बाहेर आल्या, आणि त्यात हल्ल्याच्या तीन दिवस आधी, काहीतरी मोठं होणार, अशा अर्थाचा मेसेज होता. अँकरचं म्हणणं की पुलवामानंतर हे सगळा देशच बोलत होता, आणि ते अगदीच अशक्य नाही. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री म्हणाले की सिक्रेट्स अॅक्टखाली राज्य काही करू शकतं का ते तपासतो. तपासायची वेळ का आली ते मला आत्ता कायदा वाचल्यावर कळलं.

कारण कलम १३. या कायद्याखाली कोर्ट आपणहून केस घेऊच शकत नाही, तुम्ही-आम्ही तक्रार केली तरी नाही, सरकारने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या माणसाने तक्रार केली तरच. आणि परदेशी शक्ती किंवा प्रतिबंधित जागा यांचा संबंध आला की ते सरकार म्हणजे केंद्र सरकार. आता विचार करा, कागद फुटला तो केंद्राच्या कुणा वरिष्ठाकडून असेल तर तक्रार कुणी करायची, तर त्याच वरिष्ठाच्या वरच्याने. म्हणजे ज्या घरात भांडं फुटलं त्याच घराने पोलिसांत जायचं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे, शिक्षा तीन वर्षं असो की तीस, दार उघडायची किल्ली ज्याच्या हातात तो दार कशाला उघडेल? कारकून असेल तर उघडतो, कारण कारकून आत गेल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

वरचे कधीच सापडत नाहीत असं नाही हं. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचे संचालक कुरुलकर यांना मे २०२३ मध्ये एटीएसने (दहशतवादविरोधी पथकाने) अटक केली, ते काही लहान पद नाही, त्या आरोपांचं कोर्टात काय होतं ते बघायचं. माधुरी गुप्ता इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयात होत्या, २०१० मध्ये अटक, २०१८ मध्ये तीन वर्षांची शिक्षा. पण ही दोन्ही प्रकरणं पाकिस्तानला माहिती दिल्याच्या संशयाची. निष्काळजीपणा, फाईल घरी नेणं, खासगी फोनवर पाठवणं, याबद्दल एखाद्या सचिव दर्जाच्या माणसाला कोर्टात उभं केल्याचं मला तरी शोधून सापडलं नाही, कुणाला माहीत असेल तर जरूर सांगा.

वीरप्पा मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच सांगितलं होतं की हा कायदा रद्द करा आणि खरोखर सुरक्षेचं तेवढं राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घाला. ते तसंच पडलंय. त्याच्या एक वर्ष आधी माहिती अधिकार (आरटीआय) कायदा आला, त्याच्या कलम ८(२) मध्ये लिहिलंय की सिक्रेट्स अॅक्ट असला तरी लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. देता येते हं, द्यावीच लागते असं नाही.

अण्णांना मी म्हटलं की कायदाच काढून टाकायला पाहिजे, तर ते चिडलेच. म्हणाले, “अगं, लाख लावायची ती काय उगाच? महाराजपुऱ्याचं विमान कधी उडणार ते गावाला सांगून उडवणार का? कायदा राहू दे, फक्त नेणाऱ्याची सही नेणाऱ्याकडूनच घ्या.” मी म्हटलं, “अण्णा, पण तुम्ही कुठे घेतलीत?” तर म्हणे, “घेतली असती तर माझीही बदली भिंडला झाली असती.” यावर मी काही बोलले नाही, कारण खरंच झाली असती.

पण त्यांचं ऐकून माझं मत थोडं बदललं. कायदा राहू दे, कलम १३ मधली परवानगी मात्र सरकारच्या हातातून काढून एखाद्या निवृत्त न्यायाधीशाच्या समितीकडे द्या, आणि मागितलेली परवानगी नाकारली तर कारण लेखी द्या. एनसीआरबी हे केंद्राचं गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारं खातं दरवर्षी या कायद्याखालच्या केसेस मोजून छापतं, त्यात आरोपी कोणत्या पदावरचा हेही यायला काय हरकत आहे.

तोवर मी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर आणलीय. गृह मंत्रालयाला आरटीआय टाकतेय की गेल्या दहा वर्षांत कलम १३ खाली सरकारी अधिकाऱ्यांविरुद्ध किती परवानग्या मागितल्या, किती दिल्या आणि किती नाकारल्या, गट अ (वरिष्ठ अधिकारी) आणि गट क (कारकून वगैरे) वेगवेगळं. अर्जाचा मसुदा अण्णांनी तपासला, माझी दोन वाक्यं खोडली आणि समासात लिहिलं की विषय एकाच ओळीत पाहिजे, नाहीतर परत पाठवतील. ते म्हणतात कलम ८(१)(क), म्हणजे देशाच्या सुरक्षेचं कारण, टाकून नकार येणार. मी म्हणते आकडे तरी देतील. तीस दिवसांची मुदत आहे, जे काय येईल ते इथे टाकीन.