धीट खारीच्या पोटात जास्त जंत का सापडतात?

अमेरिकेतली करडी खार १९४८ साली इटलीत तुरिन शहराजवळ सोडली गेली आणि पुढे तिथल्या उत्तर भागात पसरली. या खारींच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या खारी पिंजऱ्यात वारंवार आणि वेगवेगळ्या जागी सापडतात, म्हणजे ज्या धीट आणि हिंडत्या मानल्या जातात, त्यांना स्ट्राँगिलॉइडिस रोबस्टस या आतड्यातल्या जंताची लागण जास्त असते. कारण पटण्यासारखं आहे: या जंताची अळी बाहेर जगते आणि कातडी भेदून आत शिरते. जी खार जास्त हिंडते, तिची अळ्यांशी गाठही जास्त पडते. पण हे सिद्ध करणं फार अवघड आहे, आणि अडचण पिंजऱ्यापासूनच सुरू होते.

बुजरी खार पिंजऱ्यात येतच नाही, म्हणजे नमुना आधीच धिटांचा. त्यावर उपाय म्हणजे पिंजऱ्याचं दार उघडंच बांधून ठेवायचं, काही दिवस आत नुसतं खाणं ठेवायचं आणि मग सापळा लावायचा. तरीही एक शंका उरते. जंतांमुळे भुकेली झालेली खारही पिंजऱ्यात शिरेल, मग तिला धीट म्हणायचं का? म्हणून पिंजऱ्यातल्या नोंदींवर न थांबता मोकळ्या पेटीत सोडून तिची हालचाल चित्रित करावी आणि तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घ्यावी. एकदा दिसलेलं वागणं म्हणजे स्वभाव नव्हे. खारींमधला फरक पुन्हा पुन्हा तसाच दिसला पाहिजे. अनेक प्राण्यांवरच्या अभ्यासांत अशा पुनरावृत्तीची सरासरी ० ते १ च्या मापावर ०.३७ च्या आसपास आली आहे, म्हणजे वागण्यातल्या चढउताराचा बराच मोठा वाटा स्वभावाचा नसतोच.

जंत मोजायचे ते लेंड्यांमधल्या त्यांच्या अंड्यांवरून. पिंजरा आधी स्वच्छ धुवायचा, नाहीतर कालच्या खारीचे जंत आजच्या खारीच्या नावावर जातात. लेंड्या ताज्या उचलून लगेच थंड ठेवायच्या, कारण स्ट्राँगिलॉइडिसच्या अंड्यात अळी तयारच असते. उबेत अंडी फुटतात आणि मोजणी खोटी कमी येते. ३ ग्रॅम लेंड्या ४२ मिली पाण्यात कुस्करून गाळायच्या, गाळलेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं ओतून द्यायचं आणि खालच्या गाळात तेवढंच संपृक्त मिठाचं पाणी मिसळायचं. मॅकमास्टर स्लाइडचे, म्हणजे अंडी मोजायच्या आखीव काचेचे, दोन्ही कप्पे भरून पाच मिनिटं थांबलं की अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांतली मिळून अंडी गुणिले ५०, ही एका ग्रॅममधली संख्या. जास्त वेळ ठेवलं तर मिठाने अंडी चेपतात आणि ओळखू येत नाहीत. खारीसारख्या लहान प्राण्याच्या एका वेळच्या लेंड्या ३ ग्रॅम भरतीलच असं नाही. तेव्हा वजन नोंदवून त्याच प्रमाणात पाणी कमी करावं. अंदाजाने भर घालू नये. शिवाय बहुतेक खारींत अंडी थोडी आणि मोजक्यांत प्रचंड असतात, म्हणून इथे सरासरी काढून तुलना करणं मला चुकीचंच वाटतं.

आता उलटा प्रश्न: जंतच प्राण्याला धीट करतात का? केनियातल्या मसाई मारातल्या ठिपकेवाल्या तरसांवरचा २०२१ चा अभ्यास इथे बोलका आहे. एक वर्षाच्या आतली, टॉक्सोप्लाझ्माची (हा जंत नव्हे, एकपेशी परजीवी आहे) लागण झालेली पिल्लं सिंहापासून सरासरी ४४ मीटरवर आढळली, लागण नसलेली ९१ मीटरवर. फरक मोठा आहे, पण मुळातच धीट असलेलं पिल्लू जास्त फिरून लागण घेऊन आलं असेल, ही शक्यता या आकड्यांनी मिटत नाही.

ती मिटवायला प्रयोगच लागतो. खारींच्या बाबतीत तो शक्य आहे. चिठ्ठी टाकून अर्ध्या खारींना जंतनाशक द्यायचं, उरलेल्यांना तसंच पकडून, तेवढाच वेळ हाताळून औषधाविना सोडायचं आणि दोन्ही गटांची चाचणी पुन्हा घ्यायची. जंगलात पुन्हा लागण होतेच, म्हणून चाचणीच्या दिवशी लेंड्याही परत तपासायच्या. ज्या खारीत औषध दिलेलं असूनही अंडी दिसतात, तिला गटातून काढायचं नाही. ती औषधवाल्या गटातच मोजायची, नाहीतर चिठ्ठी टाकण्याला अर्थ उरत नाही.